लेसरच्या आधी जीभ दाखवा

चहा कोमटच घेतला होता, तरी जीभ पोळल्यासारखी वाटते. तोंडात जाळ आहे, पण आरशात बघावं तर ना फोड, ना चट्टा, ना लाली. सकाळी उठल्यावर जरा बरं असतं, दुपारची भांडी होईपर्यंत चुरचुर सुरू होते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना ती शिगेला पोहोचते. असं सहा-सहा महिने चालतं, कधी दोन-दोन वर्षं. घरात सांगावं तरी काय, दाखवायला काहीच नसतं. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही विचारा. पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी थांबलेल्या बायका ही तक्रार घेऊन येतच असतात आणि त्यातल्या कितीतरी जणी ‘हा दात काढूनच टाका’ असं ठरवून आलेल्या असतात. त्या दाताचा या आगीशी काडीचाही संबंध नसतो.

आता दाताच्या जोडीला लेसर आला आहे. मोबाइलवर जाहिरात दिसते, शेजारच्या सोसायटीतली कुणी सांगते, लेक अमेरिकेतून फोन करून सांगतो. मग खुर्चीत बसायच्या आधीच मागणी होते, ‘डॉक्टर, तेवढं लेसर करून द्या.’ लेसरला माझा विरोध नाही. योग्य रुग्णाला, योग्य वेळी दिला तर त्याचा उपयोग होतो, हे पुढे सांगणारच आहे. पण हात जोडून एक सांगायचं आहे. आग कशामुळे होते आहे हे कळल्याशिवाय लेसरचे पैसे भरू नका. तोंड जळण्याची कारणं डझनभर आहेत. त्यातली काही स्वस्तातल्या गोळ्यांनी बरी होतात आणि एक तर थेट कर्करोगाच्या वाटेवरचं आहे. त्या वाटेवर लेसरचे शेक घेत बसलं तर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. ही आग खोटी नसते. ‘काही नाही झालंय तुला, मनाचे खेळ आहेत, जरा देवळात जाऊन ये,’ असं घरचे म्हणतात आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा काही रुग्णांच्या जिभेचा अगदी लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. वरच्या थरात जे अतिशय बारीक मज्जातंतू असतात, ते या रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा बरेच कमी होते. म्हणजे जीभ वरून धडधाकट दिसते, पण आतली जाणीव वाहून नेणारी व्यवस्था बिघडलेली असते. दाराची बेल आत अडकून बसावी आणि बाहेर कुणी नसताना वाजत राहावी, तसं. बेल खरोखरच वाजत असते, ऐकणाऱ्याचे कान बिघडलेले नसतात. या दुखण्याला डॉक्टर ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. तोंड आणि चेहऱ्याच्या दुखण्यांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०२० साली प्रसिद्ध झालं, त्यात याची व्याख्याच दिली आहे. आग रोज होते, दिवसातून दोन तासांहून जास्त राहते, तीन महिन्यांहून अधिक काळ चालते आणि तपासल्यावर तोंडात तिचं कारण ठरेल असं काही सापडत नाही. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ‘सापडत नाही’ असं म्हणायला आधी शोधावं लागतं.

हा शोध कसा घ्यायचा असतो ते सविस्तर सांगते, म्हणजे तुमची तपासणी झाली की नुसती झलक घेतली गेली, ते तुम्हालाच ओळखता येईल. तोंडाचा डॉक्टर जीभ गॉजच्या तुकड्यात धरून बाहेर ओढतो. आधी डावी कड, मग उजवी कड, अगदी मागची दाढ जिथे घासते तिथवर बघतो. जीभ टाळूला लावायला सांगून खालचा तळ पाहतो. गाल आतून ताणून बोटाने चाचपतो, कुठे दोरीसारखं कडक लागतं का ते बघतो. कवळी असेल तर काढायला लावतो आणि तिच्याखालची टाळू लाल झाली आहे का ते पाहतो. कुठे पांढरं दिसलं तर लाकडी पट्टीने हलकेच खरवडतो. निघून आलं तर बुरशीची शक्यता मोठी, नाही निघालं तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो. तपासणीचा छोटा आरसा गालाला चिकटून बसला तर लाळ कमी आहे हे तिथेच समजतं. जीभ गुळगुळीत, तांबूस, वरचे दाणे झडल्यासारखी दिसली तर रक्ताची चिठ्ठी लिहून देतो. शेवटी मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याखाली बोटं फिरवून गाठ लागते का ते पाहतो. हे सगळं व्हायला फार तर दहा मिनिटं लागतात. ‘आ करा’ म्हणून टॉर्च मारला आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं, ही तपासणी नव्हे.

रक्ताच्या बाबतीत आपल्याकडे फार हेळसांड होते. हिमोग्लोबिन, लोह, बी-ट्वेल्व्ह, फोलेट, साखर, थायरॉइड या तपासण्या झाल्याशिवाय तोंडाच्या आगीचं निदान पुरं होत नाही. आपल्या भागात शाकाहारी घरं पुष्कळ आणि बी-ट्वेल्व्ह हे मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शहरातले मध्यमवर्गीय, झोपडपट्टीतले आणि खेड्यातले असे पुरुष त्यांनी तपासले होते. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. पुण्यातल्या धडधाकट पुरुषांची ही अवस्था, तर घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेला भात-आमटी खाणाऱ्या बाईची काय असेल? त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असतं आणि पित्तासाठी रोज उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असतं. ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. पातळी तपासून घ्यायची आणि कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन किंवा गोळी घेऊन ती भरून काढायची.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी आधीच एका ठिकाणी लेसरचं ‘पॅकेज’ घेतलं होतं, आगाऊ पैसे भरून. आग तसूभरही कमी नव्हती. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती गुळगुळीत, तांबूस. जिने चढताना धाप लागते का विचारलं, तर म्हणाल्या, ‘वयामुळे लागते.’ रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन फारच खाली होतं आणि लोह जवळजवळ नव्हतंच. मग रक्त का कमी होतंय याचा शोध फिजिशियनने घेतला, लोह सुरू झालं आणि जिभेची आग हळूहळू ओसरली. लेसरने त्यांचं नुकसान केलं नाही. पण ज्या दुखण्यावर तो दिला, ते दुखणं त्यांना मुळात नव्हतंच.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंडात जळजळ होते, एनालाप्रिल किंवा रामिप्रिलच्या कुटुंबातल्या गोळ्यांबद्दल तर हे ठाऊक असलेलं आहे. गोळी सुरू झाल्याची तारीख आणि आग सुरू झाल्याची तारीख जवळजवळ असेल तर फॅमिली डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, तो दुसरी गोळी देऊ शकतो. आपल्या मनाने एक दिवसही रक्तदाबाची गोळी थांबवू नका. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे, कवळी घालूनच झोपणारे, साखर ताब्यात नसलेले, यांच्या तोंडात बुरशी धरते आणि ती जळजळते. तिच्यावर साधं औषध आहे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, एवढ्या एका सवयीने किती तरी आजोबांची टाळू शांत झालेली पाहिली आहे.

आता त्या वाटेबद्दल, जिचं नाव घेतल्याशिवाय ठाण्या-कल्याणात तोंडाच्या आगीवर काही लिहिणं अर्धवट ठरेल. सुपारी, गुटखा, मावा, पानमसाला. रिक्षाचालक, गोदामात काम करणारी मुलं, एमआयडीसीत रात्रपाळी करणारे, कॉलेजातली पोरं आणि घरात बसून मिश्री लावणाऱ्या बायकासुद्धा. यांतल्या सुपारी खाणाऱ्यांची आग वेगळी असते. नुसतं बसलं तर फार जाणवत नाही, पण मिसळीचा पहिला घास तोंडात गेला की डोळ्यांतून पाणी येतं. वरणभातातली हिरवी मिरचीही सोसत नाही. पुढे गाल आतून पांढरट, कडक होतात, तोंड उघडणं कमी होत जातं, पाणीपुरी तोंडात जाईनाशी होते. याला तोंडाचं ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. हे नाव या रोगाला मुंबईतूनच मिळालं. इथले कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली त्याचं वर्णन केलं.

हा रोग नुसता त्रासदायक नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधकांनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण सतरा वर्षांच्या काळात पाहत राहून १९८५ साली निष्कर्ष मांडले. त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात तंबाखू न घातलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग करणारी म्हणून नोंदवली. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी,’ हे वाक्य त्यामुळे कुणाला वाचवत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन हातावर मिसळणारे आपण सगळेच पाहतो.

एक चाचणी घरीच करा, आत्ताच करा. पूर्ण तोंड उघडून आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांच्या मधे घाला. ती सहज बसली पाहिजेत. दोनच बसत असतील आणि सुपारीचं व्यसन असेल, तर लेसर, गुळण्या, गुलकंद, सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात तोंडाच्या डॉक्टरकडे जा. सुपारी आजपासून बंद. व्यसन सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखू मुक्ती क्विटलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. कडक झालेला गाल मंद लेसरने मऊ होईल असं कुणी सांगत असेल तर त्याला आधी विचारा, सुपारी सुटली का हे त्याने विचारलं होतं का?

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, एकाच बाजूचं वाढत जाणारं दुखणं, जीभ किंवा ओठ बधिर होणं, गिळताना अडकणं. यांपैकी काहीही असेल तर तिथला तुकडा काढून तपासायचा की नाही हे आधी ठरलं पाहिजे. निदान न झालेल्या चट्ट्यावर मंद लेसर मारू नये, जाणते डॉक्टर ते कटाक्षाने टाळतात.

हे सगळं पाहून झालं, रक्त चांगलं निघालं, साखर ताब्यात, बुरशी नाही, चट्टा नाही, तोंड तीन बोटं उघडतं आणि तरीही आग आहे, तर आता बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणायला हरकत नाही. त्याची एक खूण लक्षात ठेवा. यातल्या बहुतेकींना जेवताना बरं वाटतं. घास तोंडात असेपर्यंत आग दबते, हात धुतला की परत येते. जिभेचं टोक, कडा, टाळूचा पुढचा भाग, ओठांची आतली बाजू या तिच्या जागा. तोंडाला कडू किंवा तांब्या-पितळेसारखी चव येते. लाळ पुरेशी असूनही कोरडं वाटतं. आणि मनात एकच भीती घर करते, कॅन्सर तर नसेल ना? नीट तपासणी झाल्यावर हा कर्करोग नाही आणि हे दुखणं पुढे कर्करोगात बदलत नाही, असं डॉक्टरने तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगितलं की निम्मी झोप परत येते. हे वाक्य ऐकण्याचा तुमचा हक्क आहे. डॉक्टरने आपणहून सांगितलं नाही तर विचारून घ्या.

लेसरचं पान इथे उघडायचं.

लेसर म्हटलं की डोळ्यांसमोर कापणारा, जाळणारा किरण येतो. हा तो नाही. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवला. त्यानंतर काही वर्षांनी, १९६७ च्या सुमारास, बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे डॉक्टर उंदरांवर प्रयोग करत होते. लेसरमुळे कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पाठीचे केस काढलेल्या उंदरांवर त्यांनी मंद लाल किरण टाकला. कर्करोग झाला नाही, पण ज्या उंदरांवर किरण पडला त्यांचे केस लवकर उगवले. तिथून मंद प्रकाशाच्या उपचाराची सुरुवात झाली. हा प्रकाश लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा असतो आणि त्याची ताकद इतकी कमी ठेवतात की ऊती तापत नाही. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन हा प्रकाश शोषून घेतं आणि त्यातून सूज व वेदना कमी होण्याच्या दिशेने बदल घडतात, असं संशोधक मानतात.

प्रत्यक्षात काय होतं? रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही रंगीत चष्मा लावावा लागतो, कारण डोळ्याच्या पडद्याला हा किरण इजा करू शकतो. पेनसारख्या दांडीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. जीभ गॉजने पुसून कोरडी करतात, टोक जिभेच्या कडेवर टेकवतात, काही सेकंदांनी यंत्र ‘टिक’ करतं, टोक थोडं पुढे सरकतं. असं एकेक ठिपका करत दोन्ही कडा, टोक, ओठ, टाळू. दुखत नाही, चटका बसत नाही, भूल लागत नाही. बायका विचारतात, ‘झालं? मला तर काहीच कळलं नाही.’ न कळणं हेच बरोबर आहे. कळलं, तापलं, चुरचुरलं, तर ताकद चुकली आहे, हात वर करून थांबवा. अशा बैठका आठवड्यातून एक-दोनदा, काही आठवडे होतात.

उपयोग किती? इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. ब्राझील, स्पेन, इटली, इराण अशा देशांत याचे अभ्यास झाले आहेत आणि बऱ्याच अभ्यासांत लेसर घेतलेल्यांची आग कमी झालेली दिसली. पण बहुतेक अभ्यास लहान, काही डझन रुग्णांचे. प्रत्येकाने किरण वेगळा वापरला, मात्रा वेगळी दिली. आणि ज्या रुग्णांवर यंत्र बंद ठेवून नुसतं टोक टेकवलं, त्यांतल्याही काहींना बरं वाटलं. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली बर्निंग माउथच्या सगळ्या प्रकारच्या उपचारांचे २३ अभ्यास, एकूण ११२१ रुग्ण, एकत्र तपासले आणि पुरावा अतिशय कमकुवत असल्याचं नमूद केलं. हे केवळ लेसरबद्दल नाही, औषधांबद्दलही आहे. त्यामुळे ‘शंभर टक्के जातं’ असं म्हणणारा माणूस तुम्हाला विज्ञान सांगत नाही, माल विकतो आहे. ‘काहींना आराम पडतो, किती पडेल ते चार-पाच बैठकांत बघू, नाही पडला तर थांबू,’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा.

एक घोटाळा मात्र होतो. कुणी तरी सांगतं की आमच्या काकांना रेडिएशनच्या वेळी तोंडात लेसर दिला आणि फोड आले नाहीत. ते खरं असू शकतं. डोक्या-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांच्या तोंडात जे भयंकर फोड येतात, ते रोखण्यासाठी मंद लेसरचा पुरावा चांगला आहे. त्यावर आपल्या देशात मणिपालच्या संशोधकांनीही काम केलं आणि कर्करोग रुग्णांच्या देखभालीसाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या संघटनेने तशी शिफारसही केली आहे. घरात कुणाचं असं रेडिएशन ठरलं असेल तर आपल्या कर्करोगतज्ज्ञाला याबद्दल जरूर विचारा, सुरू व्हायच्या आधी विचारा. पण काकांच्या तोंडातले फोड आणि काकूंच्या न दिसणाऱ्या आगीचं दुखणं एक नाही. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

म्हणून लेसर घ्यायचाच ठरलं तर पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर मागा. निदान काय, ते नावासकट. यंत्राची तरंगलांबी किती नॅनोमीटर आणि ताकद किती मिलिवॅट. हिरड्या कापायला वापरतात तो लेसर वॅटमध्ये चालतो, तोच मंद करून वापरणार असतील तर मात्रा कशी ठरवली, हे विचारा. बैठका किती, एका बैठकीचे किती, आणि मधेच थांबलो तर उरलेले पैसे परत का. आगाऊ पूर्ण पॅकेज कधीही भरू नका, एकेका बैठकीचे द्या. पहिल्या बैठकीआधी शून्य ते दहामध्ये आग किती, हा आकडा डॉक्टरसमोर लिहा, आणि दर बैठकीला लिहा. चार-पाच बैठकांनंतर आकडा हललाच नसेल तर लाजू नका, थांबा. यांतल्या कुठल्याही प्रश्नाने चांगला डॉक्टर चिडत नाही.

लेसरखेरीज इतर उपाय आहेत. क्लोनाझेपामची गोळी तोंडात विरघळवून, न गिळता थुंकायची, असा एक उपचार २००४ साली फ्रान्समधल्या अभ्यासात उपयोगी ठरला. पण हे सवय लागणारं औषध आहे, ते चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नाही, शेजारणीच्या पाकिटातलं तर मुळीच नाही. मज्जातंतूंसाठी अल्फा लिपोइक अॅसिड देतात, त्याचे निकाल कधी बरे, कधी काहीच नाही असे आहेत. आणि बोलून करायचा उपचार, समुपदेशकाकडे जाऊन. त्याने आग पूर्ण जाईल असं नाही, पण आगीभोवतीचं दिवसभराचं घाबरणं कमी होतं, झोप सुधारते. समुपदेशन सुचवलं म्हणजे तुम्हाला वेडं ठरवलं असं समजू नका. परवडत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

घरी करायचं ते साधं आहे. झणझणीत पुदिन्याची, दालचिनीची टूथपेस्ट बदला, फेस कमी करणारी साधी घ्या. बाजारातलं माउथवॉश बंद, त्यात बऱ्याचदा अल्कोहोल असतं, आग भडकते. तुरटीच्या गुळण्या रोज करू नका, तोंड आणखी सुकतं. बर्फाचा छोटा तुकडा चोखणं, घोटघोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगम, याने बऱ्याच जणींचा दुपारचा वेळ सुसह्य होतो. जाईचा पाला चावून तोंड आलेल्याला बरं वाटतं असं आजी सांगायची. तो फोडांसाठी असेल, या आगीवर त्याची आशा धरू नका.

जायचं कुठे? पहिली पायरी तुमचा फॅमिली डॉक्टर किंवा पालिकेचं रुग्णालय, रक्ताच्या तपासण्यांसाठी. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर. त्या रिपोर्टांसह तोंडाच्या आजारांच्या विभागात जा. दंत महाविद्यालयात त्याला ओरल मेडिसिन म्हणतात, दात काढण्याच्या रांगेत उभं राहू नका. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, डोंबिवलीहून थेट लोकलने जाता येतं. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय, १९३३ पासूनचं. त्यासाठी दादरला गाडी बदला. तिकडची गर्दी झेपत नसेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ. तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दंत महाविद्यालयं आहेत. लेसर तुम्हाला हवा आहे की नको, हे सांगायला जो काही विकत नाही असा माणूस आधी भेटावा, म्हणून हा प्रवास करायचा.

घरातल्या पुरुषांना आणि सुनांनाही सांगते, सोबत एकानं जा. बाई एकटी गेली की ‘काही विशेष नाही’ म्हणून दोन वाक्यांत सांगून परत येते. आदल्या आठवड्यात वहीत रोज सकाळी आणि रात्री आगीचा आकडा लिहून ठेवा, जेवताना कमी होते की वाढते तेही. निघताना पान, सुपारी, मिश्री काही नको, ओठांना लिपस्टिक नको. कवळी असेल तर ती घालून जा आणि डबीही बरोबर ठेवा. जुने रिपोर्ट फाइलमध्ये घ्या. आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा सगळी पाकिटंच पिशवीत टाका, रक्तदाबाची, साखरेची, पित्ताची, झोपेची आणि कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेतलेलीसुद्धा.